मागाच्या खड्ड्यातलं तळं

बेळगावच्या वडगावातलं आमचं घर विणकराचं. पुढं सोपा, मध्ये माजघर, त्यामागं मागाची खोली आणि तिच्याही मागं परसू. आबा जायच्या आधीच माग बंद पडला होता. एका पावसाळ्यात त्या खोलीची भिंत बसली, तेव्हा पत्रे उतरवले, लाकूड विकलं आणि जागा मोकळी केली. राहिला तो खड्डा. खड्डामाग ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो, विणणारा जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून तिथल्या पट्ट्या आळीपाळीनं दाबतो. आबांनी त्या खड्ड्यात पाय सोडून आयुष्यभर पातळं विणली. तीन फूट लांब, अडीच फूट रुंद, कंबरेपेक्षा जरा कमी खोल.

तो बुजवायला माती आणायची की मोठा करून तळं करायचं, असा प्रश्न होता. मी तळं निवडलं. निम्मं खणकाम आबांनी करून ठेवलंय, असा माझा हिशेब.

फेब्रुवारीत टिकाव घेऊन उभा राहिलो तशा शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या.

"काय करालास रे? परत माग घालतोस की काय?"

"तळं करालोय, काकू."

"तळं? आता ह्या वयात मासं धरणार व्हय?"

दहा फूट बाय सहा फूट आखलं, मध्ये दोन फूट खोली आणि एका बाजूला कुंड्या ठेवायला नऊ इंचावर एक पायरी. आखायला चुना नको, जुनी पाण्याची नळी अंथरावी आणि दोन दिवस तशीच ठेवून घरातून, खिडकीतून, स्वयंपाकघराच्या दारातून बघावं. ही एक गोष्ट मी बरोबर केली. ऊनही मोजलं. कमळाच्या जातीच्या झाडांना फुलायला पाच-सहा तास थेट ऊन लागतं आणि आमच्या परसात फणसाची सावली दुपारी तीननंतर येते. फणसाखालीच तळं कर, म्हणजे गार राहील, असं चुलतभाऊ सांगत होता. ऐकलं असतं तर आज रोज पानं काढत बसलो असतो. त्याच चुलतभावानं पहिल्या दिवसापासून ह्या प्रकाराचं नाव ‘पंपा सरोवर’ ठेवलं. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या पाण्यासाठी टिळकवाडीत जी विहीर खणली तिचं हे नाव. सगळं शहर तिला काँग्रेस विहीर म्हणतं. तिला शंभर वर्षं झाली तरी ती जागेवर आहे, हे तो मला पुढची दोन वर्षं अधूनमधून ऐकवत राहिला.

गौंडी बैलहोंगलकडचा. खड्डा बघून, मातीचं एक ढेकूळ हातात चुरून तो म्हणाला, "इल्लि नीर निल्लंगिल्ल री." इथं पाणी थांबणार नाही. मला हसू आलं. ही काळी माती, येळ्ळूरच्या वाटेवरच्या भातशेतीतली, पाणी धरून ठेवण्यासाठीच प्रसिद्ध. माझा मेव्हणा जांबोटीकडचा, त्यांच्या तांबड्या मातीत आणि जांभ्यात ओतलेलं पाणी डोळ्यांदेखत जिरतं. तिथं थांबणार नाही म्हटलं असतं तर पटलं असतं. मी गौंड्याला म्हटलं, तू सिमेंट घाल, थांबतंय की नाही ते बघू. त्यानं मान डोलावली. मजुरी ठरलेली होती, त्याला वाद घालायचं कारण नव्हतं.

तळाला चार इंच काँक्रीट, बाजूला विटा, आतून गिलावा, त्यात पाणी अडवायची पावडर. तीन आठवडे ओलं ठेवलं. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी चुन्याच्या निवळीसारखं इतकं जहाल होतं की मासा टिकत नाही. म्हणून केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून पाणी भरायचं, आठवड्यानं ओतायचं, परत भरायचं. असं तीनदा केलं. ते ओतलेलं पाणी मी नारळाला घातलं आणि नारळ काही बोलला नाही.

एप्रिलच्या मध्यावर शेवटचं पाणी भरलं. दोन दिवसांत ते दोन इंच खाली. बायको म्हणाली, ऊन आहे, उडणारच. तिचंही खरं होतं, आमच्याकडे उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला सात-आठ मिलिमीटर सहज उडतं. मग उडालं किती आणि गळलं किती हे कसं कळणार? ह्याला सोपा उपाय आहे. एक बादली पाण्यानं भरून तळ्याच्या पायरीवर ठेवायची, आतबाहेर पेन्सिलीची खूण करायची आणि तीन दिवसांनी बघायचं. बादलीतलं पाणी दोन सेंटीमीटर उतरलं होतं, तळ्यातलं नऊ. म्हणजे सात सेंटीमीटर जमिनीनं प्यायलं.

तळं उपसलं. कोपऱ्यातून तळापर्यंत केसाएवढी भेग. सिमेंटचं पाणी पाजून ती बुजवली. मेच्या पहिल्या आठवड्यात समोरच्या भिंतीला दुसरी, मग पायरीच्या सांध्याला तिसरी. परसात बघितलं तर जमिनीलाच बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. दरवर्षी पडतात. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि तिच्यावर जे काही कडक बसवलंय ते तिच्याबरोबर हलू शकत नाही, म्हणून तडकतं. मागाच्या खोलीची भिंत बसली ती कशानं, हे तेव्हा डोक्यात आलं. बैलहोंगलही काळ्या मातीचंच. ‘थांबणार नाही’ म्हणजे माती पिणार असं गौंड्याला म्हणायचं नव्हतं. तुझं सिमेंट ती टिकू देणार नाही, असं तो सांगत होता.

जूनमध्ये मिरगाचा पाऊस लागला आणि एक चमत्कार झाला. तळं काठोकाठ भरलं आणि भरलेलंच राहिलं. पंधरा दिवस उघडीप होती तरी पाणी हललं नाही. माती फुगून भेगा आपोआप मिटल्या असणार, असं मी घरात सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं. चुलतभावाला मुद्दाम बोलावून दाखवलं. दिवाळीनंतर पाणी परत उतरायला लागलं आणि संक्रांतीला तळाला चिखल. ह्या चमत्काराचा अर्थ लागायला मला आणखी सहा महिने लागले.

दुसऱ्या वर्षी ठरवलं, कडक काही नको, मऊ हवं. शेततळ्यात घालतात तो काळा प्लास्टिकचा जाड कागद आणला, पाचशे मायक्रॉनचा. ह्याचं माप काढताना लोक हमखास चुकतात. लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची आणि काठावर दाबायला दोन्हीकडे एकेक फूट. माझं दहा अधिक चार अधिक दोन, म्हणजे सोळा फूट. रुंदी सहा अधिक चार अधिक दोन, बारा फूट. पायरी आहे म्हणून वेगळं काही धरावं लागत नाही, तिरकं कापड जसं वळणावर बसतं तसा तो बसतो.

फुटक्या गिलाव्याचे टोकदार काठ हातोडीनं मोडले, तळाला दोन इंच वाळू पसरली. वाळूवर काहीतरी मऊ हवं, नाहीतर खडा टोचून कागदाला भोक पडतं. दुकानदारानं त्यासाठी वेगळं कापड दाखवलं, त्याची किंमत ऐकून मी घरी आलो आणि माळ्यावरच्या चार जुन्या वाकळा काढल्या. आईनं दोन ओळखल्या. एक तिच्या आईनं शिवलेली होती. ती परत माळ्यावर गेली, तीन खाली गेल्या. आजही कुणी तळ्याचं कौतुक केलं की आई सांगते, "माझ्या वाकळा हाईत त्याच्याखाली."

कागद ताठ असतो, घडी मोडत नाही. भर दुपारी तासभर उन्हात पसरून ठेवला की नरमतो. मग दोघातिघांनी धरून खड्ड्यात सोडायचा आणि पाणी भरता भरता कोपऱ्यातल्या चुण्या साडीच्या निऱ्यांसारख्या एका दिशेनं बसवत जायचं. आधी चुण्या बसवून मग पाणी भरायला गेलो तर पाण्याच्या वजनानं सगळं परत सरकतं. साधारण अडीच हजार लिटर पाणी बसलं. नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे संपमधून मोटर लावून भरलं, आणि त्या आठवड्यात घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

मासे आणायची घाई झाली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उन्हात दोन दिवसांत उडतं एवढं ऐकून होतो, म्हणून चार दिवस थांबून सहा सोनेरी मासे सोडले. आठवड्यात चार गेले. वर येऊन तोंड उघडझाप करत होते आणि मी त्यांना भूक लागली समजून आणखी खाणं टाकत होतो! माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू तळ्याच्या दगडांवर, भिंतींवर वस्तीला यायला चार-सहा आठवडे जातात. तोवर पाणी दिसायला स्वच्छ असतं आणि माशाला विष असतं. उरलेले दोन काकूंच्या सिमेंटच्या टाकीत पाठवले. बदल्यात त्यांनी मूठभर गप्पी दिले, आरोग्य खात्याच्या बायकांनी कधीतरी टाकीत सोडलेल्यांची पिलावळ. गप्पींनी डासांच्या अळ्यांचं काम एकदम चोख केलं. घरोघरी टाक्या तपासत आलेल्या ताईंनी बॅटरी मारून तळं बघितलं, दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यात काय न्हाई. तुमच्या त्या नारळाच्या करवंटीत बघा." करवंटीत होत्या. गल्लीत कुणाला डेंगी झाला की आधी माझ्या तळ्याकडे बोट जायचं, ते त्या दिवसापासून जरा कमी झालं.

जूनअखेर पाणी हिरवं झालं, शेवाळाचं. मूगडाळीच्या पाण्यासारखं. आता सांगतो, नव्या तळ्याचं पाणी हिरवं होतंच. पानांनी निम्मं पाणी झाकलं आणि खाणं कमी केलं की ते आपोआप निवळतं. पण मला धीर कुठला. जुलैत, आखाडाची झड लागलेली असताना, मी पंप लावून निम्मं पाणी उपसलं. पावसाचं ताजं पाणी भरेल, फुकटात तळं साफ.

सकाळी चहा घेऊन मागं गेलो तर तळ्याच्या मधोमध म्हैस बसली होती. खरंच तसं वाटलं. काळीभोर, गोल, ओली पाठ पाण्याच्या वर आलेली. कागद खालून फुगून वर आला होता. पायानं दाबला तर इकडं बसला, तिकडं वर आला. हवा असेल म्हणून कोपऱ्यातून कागद उचलला, तर खाली पाणी. गढूळ, गार, वाकळा त्यात तरंगत होत्या.

आई दारातून बघत होती. ती सहज म्हणाली, "तुझे आबा आखाडात खड्ड्यात पोती टाकून बसायचे. पाय भिजायचे न्हवं."

मी तिथंच काठावर बसलो. मला ती पोती आठवत होती. ओली पोती रोज संध्याकाळी बाहेर काढून चुलीपाशी वाळत घालायचं काम माझंच होतं. बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहापूर-वडगावची शेतं दरवर्षी पाण्याखाली जातात, ते पाणी जमिनीवर दिसतं. जमिनीखालचं मात्र त्याच्याही आधी वर चढलेलं असतं. आमच्या परसात जुलैत ते जवळजवळ जमिनीच्या पातळीपर्यंत येतं. मागच्या वर्षी तळं भेगा मिटून भरलेलं राहिलं नव्हतं, भेगांमधून बाहेरचं पाणी आत आलं होतं. तळं मी भरलंच नव्हतं.

कागदाचं गणित मग सरळ आहे. आतलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच असलं की ते कागदाला खाली दाबून धरतं. मी निम्मं उपसलं, बाहेरचं उंच झालं आणि त्यानं कागद वर ढकलला. काठोकाठ ठेवलं असतं तर काही झालं नसतं. मेव्हणा बघून गेला, म्हणाला, "आमच्यात पाणी थांबंना म्हणून रडायचं, तुमच्यात निघंना म्हणून."

तिसऱ्या खेपेला खड्डा निम्मा बुजवला. जमिनीत फक्त फूटभर खोली ठेवली आणि जमिनीवर जांभ्या चिऱ्यांचा दीड फुटाचा कट्टा बांधला. चिरे मेव्हण्यानं खानापूरकडून ट्रॅक्टरमधून पाठवले, काळ्या मातीवर तांबडे. ते सिमेंटनं जखडले नाहीत, मुरमाच्या थरावर नुसते एकावर एक रचले. उन्हाळ्यात एखादा चिरा बोटभर सरकतो, पावसाळ्यात परत येतो, कागदाला त्याचं काही नाही. कागद आतून चिऱ्यांवर चढवून वरच्या शहाबादी फरशीखाली दाबला. फरशीची पातळी मात्र पाण्याच्या नळीनं चारचारदा बघून घ्यावी. अर्धा इंच चुकलं तरी एका बाजूला काळा कागद उघडा दिसतो आणि मग तेवढाच दिसत राहतो.

पाण्याची पातळी आता जमिनीच्या वर, त्यामुळे बाहेरचं पाणी कितीही चढलं तरी आतल्यापेक्षा उंच होत नाही. शिवाय वळवाच्या पावसात परसातलं मातीचं पाणी धावत तळ्यात यायचं तेही थांबलं, आणि गल्लीतली पोरं धावत येऊन आत पडतील ही भीती कमी झाली. तरी लहान मूल घरी आलं की आम्ही लोखंडी जाळी टाकतो. फूटभर पाणीही पोराला पुरतं.

कट्ट्याच्या बाहेर, कोपऱ्यात सहा इंची पाईप उभा गाडलाय, तळ्याच्या तळापेक्षा खोल, खालच्या टोकाला भोकं पाडून भोवती खडी. त्यात काठी घालून बघायचं, जमिनीतलं पाणी कुठवर आहे. तळं साफ करायचं असेल तर आधी काठी. काठी कोरडी आली तरच उपसायचं. जून ते दिवाळी ती कोरडी येत नाही, म्हणजे साफसफाई फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये.

पंप अठरा वॅटचा, छोटासा. तो पाणी उचलून गुरांच्या जुन्या दगडी डोणीत टाकतो. डोणीत खडी आणि खडीत कर्दळ, वेखंड. त्यातून पाणी हळूहळू खाली झिरपून तोंडानं परत तळ्यात पडतं. कारंजं नाही, फिल्टरचा डबा नाही. कर्दळीला फुकटचं खत मिळतं आणि पाण्यातलं नको ते जातं. वायरमननं वायर नुसती खिडकीतून आणून प्लगला लावली होती, ती मी काढायला लावली आणि धक्का बसायच्या आत वीज तोडणारं यंत्र बोर्डात बसवून घेतलं. ह्यावर काटकसर करू नये. वाकळांवर केली तेवढी पुरे.

फुलं कुमुदिनीची आहेत. लोक सरसकट कमळ म्हणतात, पण कमळाचं पान अखंड गोल असतं आणि पाण्याच्या वर देठावर उभं राहतं. कुमुदिनीच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर टेकलेलं असतं. कमळाला माझं तळं पुरलं नसतं. पसरट घमेल्यात परसातलीच काळी माती, शेणखत अजिबात नाही, वर खडीचा थर. ज्या मातीनं दोन वर्षं छळलं ती ह्या झाडाला मात्र मानवली. जलपर्णी द्यायला एकजण आला होता, निळी फुलं येतात म्हणून. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

गणपतीत आईनं नवा हट्ट धरला, आपला शाडूचा गणपती आपल्याच तळ्यात. कपिलेश्वर तलावापर्यंत गर्दीत कशाला जायचं, दारात देवानं पाणी दिलंय. गप्पी गढूळ पाण्यात गुदमरतील हे तिला सांगून पटेना. शेवटी तळ्यातलंच पाणी तांब्याच्या घंगाळात काढलं, त्यात विसर्जन केलं, आणि विरघळलेली माती दोन दिवसांनी कुमुदिनीच्या घमेल्यात घातली. पुढच्या महिन्यात जे पहिलं फूल आलं ते कुणामुळे, ह्यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

आता बेडूक आहेत. पहिल्या पावसाच्या रात्री इतके ओरडतात की काकू कुंपणावरून त्यांना शिव्या देतात, मला नाही, बेडकांना. चतुर येऊन पाण्यात शेपटी बुडवून जातात. एक खंड्या फणसावर बसतो आणि दिवसाला दोन-तीन गप्पी नेतो. गप्पींना त्याचा पत्ता लागत नाही इतके ते वाढतात. गेल्या आखाडात पाणदिवड आली, चांगली तीन फूट. बिनविषारी आहे म्हणून मी समजावत होतो, तोवर आईनं हळदकुंकू आणून वाहिलं. बेडूक खाऊन ती चार दिवसांनी गेली.

काकूंच्या मुलालाही आता तळं हवंय. त्याला म्हटलं, आधी नुसता कोपरभर खोल खड्डा खण, झाकून ठेव आणि आखाडात उघडून बघ. "आखाडापर्यंत कोण थांबालंय, काका," तो म्हणाला. काल त्याच्या दारात सिमेंटची पोती उतरलीत.